रिकाम्या कबरीपुढची श्रद्धा

२१ एप्रिल २०१९ ची सकाळ. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोलंबोच्या उत्तरेस असलेल्या नेगोंबो परिसरातील काटुवापिटिया येथे सेंट सेबॅस्टियनच्या चर्चमध्ये ईस्टरची उपासना चालू होती. नेगोंबो हे मासेमारीचे गाव. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांबरोबर आलेला कॅथलिक धर्म तेथील कोळीवस्तीत खोल रुजलेला आहे आणि ईस्टरच्या दिवशी तेथील चर्चमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्या गर्दीत शिरलेल्या एका आत्मघातकी माणसाने स्वतःसकट भोवतालच्या माणसांच्या चिंधड्या उडवल्या. एकट्या या चर्चमध्ये शंभरांहून अधिक माणसे मेली. त्याच सकाळी कोलंबोचे सेंट अँथनीचे देऊळ, बट्टिकलोआचे झायन चर्च आणि राजधानीतील तीन मोठी हॉटेले येथेही स्फोट झाले. एकंदर मृतांची संख्या अडीचशेच्या वर गेली.

सेंट सेबॅस्टियनच्या चर्चमध्ये पुनरुत्थित ख्रिस्ताची एक मूर्ती होती. स्फोटानंतर तिच्यावर रक्ताचे शिंतोडे उडालेले होते. चर्चची पुढे डागडुजी झाली, छप्पर नवे घातले गेले, परंतु त्या मूर्तीवरील डाग कोणी पुसले नाहीत. ती तशीच काचेआड जपून ठेवण्यात आली.

मरणाचा पराभव झाला, असे ज्या दिवशी गायचे, त्याच दिवशी आणि त्याच छपराखाली मरणाने घरेच्या घरे रिकामी केली. अशा प्रसंगी ‘देव भक्तांचे रक्षण करतो’ हे वाक्य कोणत्या तोंडाने उच्चारायचे? काटुवापिटियाच्या आईबापांना पडलेला हा प्रश्न केवळ ख्रिस्ती माणसाचा नाही. तथापि त्याचे उत्तर शोधताना ख्रिस्ती माणसाला ईस्टरकडेच परतावे लागते, कारण त्याच्या धर्माचा सारा भार त्या एका घटनेवर आहे. पौलाने करिंथ येथील मंडळीला इसवी सनाच्या पन्नाशीत लिहिलेल्या पत्रात ही गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश पोकळ आणि तुमचा विश्वासही पोकळ, अशा आशयाचे त्याचे विधान आहे. आपल्या धर्माचा पायाच तपासून पाहा आणि तो खोटा ठरला तर सगळी इमारत सोडून द्या, असे सांगणारे धर्मप्रचारक फारसे आढळत नाहीत.

मग या पायाचे स्वरूप काय? तो इतका भक्कम असेल तर नेगोंबोतील स्फोटाने हादरणाऱ्या श्रद्धा इतक्या का असतात? याचे एक कारण असे की, ईस्टर म्हणून जे सर्वत्र सांगितले जाते आणि ईस्टरविषयी शुभवर्तमानांत जे लिहिलेले आहे, त्यांत बरेच अंतर पडलेले आहे.

भेदरलेल्या स्त्रिया

चार शुभवर्तमानांपैकी मार्काचे सर्वांत जुने, साधारणपणे इसवी सन ७० च्या सुमाराचे मानले जाते. त्यातील ईस्टरची हकीकत अवघ्या आठ ओव्यांची म्हणता येईल इतकी आखूड आहे. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे या तिघी शब्बाथ सरल्यावर, रविवारी पहाटे, प्रेताला लावायची सुगंधी द्रव्ये घेऊन कबरीकडे निघतात. दारावरची प्रचंड धोंड कोण लोटणार, ही त्यांची वाटेतली चिंता. जाऊन पाहतात तो धोंड बाजूला सरलेली. आत शुभ्र वस्त्रातला एक तरुण बसलेला. तो त्यांना सांगतो की, तुम्ही ज्याला शोधता तो येथे नाही, तो उठला आहे. जा आणि शिष्यांना कळवा. यावर या स्त्रिया काय करतात? त्या थरथर कापत पळून जातात आणि भीतीपोटी कोणालाही काही सांगत नाहीत. येथे मार्क थांबतो.

चौथ्या शतकातील ज्या दोन प्रख्यात ग्रीक हस्तलिखितांत संपूर्ण मार्क उपलब्ध आहे, त्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रतींत शुभवर्तमान याच ठिकाणी संपते. पुढील बारा वचने मागाहून जोडली गेली, याविषयी बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. कोणा तरी लेखनिकाला हा शेवट सोसवला नाही, हे समजण्यासारखे आहे. धर्माच्या सर्वांत मोठ्या विजयाची बातमी पळत सुटलेल्या तीन बायकांच्या मौनात संपावी, हे कोणत्याही संपादकाला खटकेल. पण ज्याला पोकळ कथा रचायची असेल तो असा शेवट रचणार नाही, हेही तितकेच खरे. शिवाय त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसे मोल नव्हते. लूक तर स्पष्टच लिहितो की, बायकांचे बोलणे पुरुष शिष्यांना बरळणे वाटले.

बाकीच्या हकीकतींतही हाच सूर आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात गालीलच्या डोंगरावर शिष्य पुनरुत्थित येशूपुढे नमन करतात, तरी काहींना संशय वाटला अशी नोंद लेखक प्रामाणिकपणे करून ठेवतो. अम्माऊसच्या वाटेवर दोघे जण त्याच्याबरोबर कित्येक कोस चालतात आणि त्याला ओळखत नाहीत. ओळख पटते ती संध्याकाळी भाकर मोडताना. थोमा तर जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही असे बजावतो. येशू त्याची निर्भर्त्सना करून त्याला हाकलून देत नाही, जखमा पुढे करतो. ईस्टरच्या दिवसापासून श्रद्धेच्या घरात संशयाला अशी बसायला जागा मिळालेली आहे. संशय आला म्हणजे श्रद्धा गेली, असे मानणाऱ्या उपदेशकांनी हे प्रकरण पुन्हा वाचावयास हवे.

पेत्राची गोष्ट याहून बोलकी आहे. येशूला पकडले त्या रात्री मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी ऊब घेत असता पेत्राने ‘मी त्याला ओळखत नाही’ असे तीनदा सांगितले. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू सरोवराच्या काठी कोळशाचा विस्तव पेटवून मासे भाजत बसलेला दिसतो आणि त्या विस्तवापाशी तो पेत्राला तीनदा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? कोळशाच्या विस्तवासाठी योहानाने वापरलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात या दोनच जागी येतो. ज्या विस्तवापाशी माणूस मोडला त्याच विस्तवापाशी त्याला पुन्हा उभे केले गेले. त्याच्या पराभवाची आठवण पुसली गेली नाही. तिच्यातून त्याला नेले गेले. येशूच्या हातांवरील खिळ्यांचे वणही पुनरुत्थानानंतर नाहीसे झाले नव्हते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. काटुवापिटियाच्या लोकांनी मूर्तीवरील डाग तसेच राहू दिले, ते याच जाणिवेने असावे.

शब्दाचा अर्थ

पुनरुत्थान हा शब्द मराठी वाचकाच्या कानांवर पडला की त्याच्या मनात पुनर्जन्माची कल्पना सहज उभी राहते. दोहोंत मूलतः फरक आहे. पुनर्जन्मात जीव एक देह टाकून दुसरा धारण करतो आणि कर्माच्या हिशेबानुसार हे चक्र चालू राहते. आत्म्याचे अमरत्व ही आणखी वेगळी कल्पना. ती ग्रीकांना चांगली परिचयाची होती. म्हणूनच अथेन्समध्ये पौलाचे व्याख्यान तेथील विद्वानांनी बराच वेळ शांतपणे ऐकून घेतले आणि मृतांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख येताच त्यांतील काहींनी थट्टा आरंभली. आत्मा अमर आहे म्हणता तर ठीक. देह, इतिहास, ही माती यांना काही भवितव्य आहे असे म्हणता, हे काय बोलणे झाले!

पुनरुत्थानाची कल्पना नेमके हेच म्हणते. ज्याला सुळावर चढवले गेले तोच, त्याच जखमांसह, देवाच्या नव्या जीवनात उठवला गेला आणि त्याबरोबर या जगाच्याही नव्या घडणीचा आरंभ झाला, असा तिचा दावा आहे. इतिहासकाराला हा दावा सिद्ध करता येणार नाही. शुक्रवारी पळालेली माणसे काही आठवड्यांनी यरुशलेमच्या रस्त्यावर उभी राहून बोलू लागली आणि त्यांतील काहींनी पुढे त्यापायी प्राण दिले, एवढेच त्याला सांगता येईल. या पालटाचे कारण काय, हा प्रश्न तो वाचकापुढे ठेवील. त्यापलीकडचे पाऊल श्रद्धेचे. ते पाऊल पुराव्याने टाकता येते असा आव आणणारी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. त्यांनी श्रद्धा बळकट होण्यापेक्षा वादविवादाची हौस अधिक भागते.

दुसरा एक प्रकार याहून घातक आहे. प्रार्थना करा म्हणजे नोकरी मिळेल, रोग बरा होईल, कर्ज फिटेल, असे आश्वासन देणाऱ्या सभा आज सर्वत्र भरतात. त्यांत श्रद्धा ही विम्याच्या हप्त्यासारखी होऊन बसते. हप्ते नियमित भरूनही दावा नामंजूर झाला की ग्राहक साहजिकच कंपनीवर संतापतो. अशा श्रद्धेला ईस्टर हवा असतो, परंतु त्याआधीचा शुक्रवार नको असतो.

टेगेलच्या तुरुंगातून

शुक्रवार वगळून केलेल्या ईस्टरचे काय होते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण विसाव्या शतकात जर्मनीने घालून दिले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटाने प्रॉटेस्टंट चर्चचा मोठा भाग ताब्यात घेतला. त्यांना सुळावर हतबल झालेला यहुदी येशू नको होता; त्यांना हवा होता विजयी, लढाऊ, आर्य वीर. राष्ट्राचा पुनर्जन्म आणि ख्रिस्ताचे पुनरुत्थान यांची त्यांनी बेमालूम सरमिसळ केली. याला विरोध करणाऱ्यांनी मे १९३४ मध्ये बार्मेन येथे आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि त्यातून ‘कन्फेसिंग चर्च’ म्हणून ओळखले जाणारे चर्च आकाराला आले. त्याच्या तरुण धर्मगुरूंत डीट्रिख बोनहॉफर हे एक होते.

बोनहॉफर यांचा जन्म १९०६ चा. घराणे विद्वानांचे, वडील मानसरोगतज्ज्ञ. हिंसेने माजलेल्या राज्याला ख्रिस्ती माणसाने कसे तोंड द्यावे, हे शिकण्यासाठी त्यांना गांधीजींकडे यावयाचे होते. १९३४ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी त्यांना आश्रमात येऊन राहण्याचे निमंत्रणही धाडले. परंतु तेवढ्यात भावी धर्मगुरूंच्या गुप्त म्हणता येईल अशा एका विद्यालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि हिंदुस्थानची फेरी राहिली ती कायमचीच. त्यांची आणि गांधीजींची भेट झाली असती तर काय घडले असते, हा कल्पनेला चाळवणारा विषय आहे. पण येथे त्या विद्यालयाविषयीच बोलणे अधिक उपयुक्त.

स्टेटीन शहराजवळ फिंकेनवाल्डे येथे १९३५ पासून १९३७ पर्यंत, म्हणजे गेस्टापोने टाळे ठोकीपर्यंत, हे विद्यालय चालले. सरकारी मान्यता नाही, पगाराची शाश्वती नाही, पुढे तुरुंग की रणभूमी याचा भरवसा नाही, अशा पंचवीसएक तरुणांना तग धरणारी श्रद्धा कशी द्यावयाची? बोनहॉफर यांनी यासाठी कोणतीही ओजस्वी भाषणमाला योजली नाही. त्यांनी दिनक्रम आखून दिला. सकाळ-संध्याकाळ स्तोत्रांचे सामुदायिक पठण. रोज अर्धा तास मौन चिंतन, तेही एकाच लहानशा उताऱ्यावर आठवडाभर. आणि एक नियम असा की, गैरहजर असलेल्या सोबत्याविषयी त्याच्या पाठीमागे काही बोलायचे नाही. चुकून बोलले गेलेच तर त्याला ते जाऊन सांगायचे. या नियमाने धर्मशास्त्रापेक्षा अधिक शिकवले, असे काही विद्यार्थ्यांनी पुढे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. प्रारंभी विद्यार्थी कुरकुरले. अर्धा तास गप्प बसून करायचे काय? बोनहॉफर ज्यांना वडीलधाऱ्या स्थानी मानत त्या कार्ल बार्थ यांनाही या साऱ्यात मठाचा वास आला. ज्या पिढीने धर्म म्हणजे पुस्तकी वाद एवढेच पाहिले होते, तिला सवयींचे हे महत्त्व सहजी पटणारे नव्हते.

पुढे त्याची कसोटी लागली. १९३९ च्या उन्हाळ्यात बोनहॉफर न्यूयॉर्कला सुखरूप पोचलेले असताना महिनाभराच्या आतच परत फिरले. देशबांधवांच्या संकटात वाटा उचलला नाही तर उद्याच्या पुनर्रचनेत भाग घेण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही, असे त्यांनी कळवले. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक होऊन बर्लिनच्या टेगेल तुरुंगात टाकण्यात आले. सुरुवातीचे दिवस इतके भीषण गेले की, आत्महत्येचा विचारही त्यांच्या टिपणांत आढळतो. हे लपवण्याचे कारण नाही. चिवट श्रद्धेच्या माणसाला निराशा शिवत नाही, ही समजूत चरित्रनायकांच्या भाबड्या भक्तांची असते. त्या दिवसांत आधार झाला तो पाठ असलेल्या स्तोत्रांचा आणि पाऊल गेर्हार्ट या सतराव्या शतकातील कवीच्या भजनांचा. फिंकेनवाल्डेतील कंटाळवाणा अर्धा तास अशा रीतीने कोठडीत उपयोगी पडला.

टेगेलमधून मित्राला लिहिलेल्या पत्रांत ते ईस्टरकडे पुनःपुन्हा वळतात. २७ मार्च १९४४ च्या पत्रात ते एक सूक्ष्म भेद करतात: मरण्याच्या क्रियेवर विजय मिळवणे हे माणसाच्या आवाक्यात आहे, सॉक्रेटिसाने ते करून दाखवले, मरणावर विजय मिळवणे ही वेगळीच गोष्ट आणि ईस्टरचा संबंध तिच्याशी आहे. तीन महिन्यांनी लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ते याच्याही पुढे जातात. पुनरुत्थानाची आशा माणसाला या जगातून सुटकेचा मार्ग दाखवीत नाही, ती त्याला पृथ्वीवरील त्याच्या जीवनाकडे अगदी नव्या रीतीने परत पाठवते, असा त्या पत्राचा आशय आहे. बाँबवर्षावाखालच्या कोठडीतील कैद्याने परलोकाची ओढ व्यक्त केली असती तर कोणीही त्याला नावे ठेवली नसती. त्यांनी उलट दिशेला बोट दाखवले.

१९४५ साली ईस्टर १ एप्रिलला आला. त्यानंतरच्या रविवारी, ८ एप्रिलला, बव्हेरियातील शेनबर्ग गावच्या शाळेत डांबलेल्या कैद्यांनी बोनहॉफर यांना उपासना चालवण्याची विनंती केली. ते आढेवेढे घेऊ लागले. कारण कैद्यांत मोलोटोव्हचा पुतण्या कोकोरिन हा निरीश्वरवादी तरुण होता आणि त्याच्यावर प्रार्थना लादली जावी असे त्यांना वाटत नव्हते. कोकोरिननेच आग्रह केल्यावर त्यांनी उपासना घेतली. त्या दिवसासाठी नेमलेले दोन उतारे त्यांनी वाचले: एक यशयाच्या ग्रंथातील, दुसऱ्याच्या जखमांनी बरे होण्याविषयीचा, दुसरा पेत्राच्या पहिल्या पत्रातील, पुनरुत्थानाने लाभलेल्या जिवंत आशेविषयीचा. प्रार्थना संपते न संपते तोच दोन माणसे त्यांना न्यायला आली. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॉसेनबर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. वय एकोणचाळीस. दोन आठवड्यांनी, २३ एप्रिलला, अमेरिकन फौजा त्या छावणीत शिरल्या.

शनिवारची रात्र

शुक्रवार आणि रविवार यांच्यामध्ये एक शनिवार आहे. त्याविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मुकी आहेत. शिष्यांच्या दृष्टीने तो दिवस सर्वांत कठीण असला पाहिजे, कारण रविवार येणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांचे मूल गेले, ज्यांची चौकशी वर्षानुवर्षे कागदांत अडकली, त्यांच्या आयुष्याचा बराच भाग याच दिवशी जातो.

कॅथलिक उपासनापद्धतीने या शनिवाराची दखल मोठ्या शहाणपणाने घेतलेली आहे. दिवसभर मिस्साबलिदान होत नाही. वेदी उघडीबोडकी ठेवलेली असते. रात्री चर्चबाहेर अग्नी चेतवून त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर त्या-त्या वर्षाचे अंक कोरलेले असतात आणि पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच दाणे खोचलेले असतात. ती एकच ज्योत घेऊन मंडळी अंधारलेल्या चर्चमध्ये शिरते आणि मग हातोहात साऱ्यांच्या मेणबत्त्या पेटत जातात. वसईच्या चर्चमध्ये काय आणि नेगोंबोच्या काय, क्रम हाच. गंमत अशी की, मधल्या कित्येक शतकांत हा विधी सोयीसाठी मागे ओढत ओढत शनिवारच्या सकाळवर आणला गेला होता. लख्ख उन्हात अंधार दूर करणाऱ्या प्रकाशाची स्तुती चाललेली असे! बारावे पायस या पोपनी १९५१ साली तो पुन्हा रात्रीवर नेण्यास परवानगी दिली. सोयीचा मोह धर्मालाही सुटत नाही, याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

२०१९ च्या स्फोटानंतर श्रीलंकेतील कॅथलिक समाजाला पहिला धक्का बसला तो सुडाच्या मोहाचा. कार्डिनल माल्कम रणजित यांनी लोकांना कायदा हाती न घेण्याचे आवाहन केले. पुढच्या रविवारी चर्चमधील उपासना बंद ठेवाव्या लागल्या आणि लोकांनी घरी बसून दूरचित्रवाणीवर मिस्सा पाहिली. परंतु संयम म्हणजे विस्मरण नव्हे, हेही याच समाजाने दाखवले. हल्ल्याचा इशारा आधी मिळाला असता दुर्लक्ष का झाले, त्यामागे कोणाचे हात होते, हे प्रश्न त्याने वर्षामागून वर्षे, सरकारे बदलली तरी, लावून धरले. १२ जानेवारी २०२३ रोजी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना हलगर्जीबद्दल जबाबदार धरून दहा कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाईने कोणाचे मूल परत येत नाही. तरीसुद्धा क्षमेचे नाव घेऊन न्यायाची मागणी सोडून देण्यास नकार देणे, ही त्या जखमा झाकू न पाहणाऱ्या ईस्टरशी सुसंगतच गोष्ट म्हणावी लागेल. ज्याला अन्यायाने मारले त्याला देवाने उठवले, असे मानणाऱ्यांनी अन्यायाचा दप्तरी निकाल मुकाट्याने कसा स्वीकारावा?

केडगावचा छापखाना

महाराष्ट्रात या चिवटपणाचे दर्शन घडवणारे चरित्र पंडिता रमाबाईंचे. त्यांच्या धर्मांतरावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. त्यांच्या श्रद्धेची घडण कशी झाली, याकडे मात्र दोन्ही बाजूंचे लक्ष कमीच गेले.

ऐन तारुण्यात रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. पदरी तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांच्यासमवेत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. एवढ्या आघातांनंतर माणसाने मिळेल त्या आधाराला मुकाट्याने धरून राहावे अशी अपेक्षा असते. रमाबाई मुकाट्याने काहीच करीत नसत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्तावरून जो पत्रव्यवहार केला, तो १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. धर्मगुरूंच्या मुखातून पडणारा प्रत्येक शब्द स्वीकारण्यास आपण बांधलेल्या नाही, हे त्यांनी त्यात ठणकावून सांगितले. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरण्याची त्यांची तयारी नव्हती. वाँटेजच्या भगिनींना हा गर्व वाटला. खरे तर थोमाच्या घराण्याशी हे नाते जवळचे होते.

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत रमाबाई लिहितात की, बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ती उणीव १८९१ च्या सुमारास दूर झाली. म्हणजे मधली आठ वर्षे त्या एका अर्थी शनिवारातच होत्या. या काळातही शारदा सदनाचे काम थांबले नाही. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले, सल्लागार मंडळी दूर झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य हिंदुस्थानातून उपाशी, निराधार मुली गोळा करून आणू लागल्या आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. दुष्काळात घरचे सारे गमावलेल्या बाईने दुष्काळाकडेच परत जावे, याला काय म्हणावे? टेगेलच्या कैद्याने जवळजवळ पन्नास वर्षांनी जे पत्रात लिहिले, त्याचे हे आधीच लिहून ठेवलेले भाष्य वाटते.

आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. उपलब्ध भाषांतराची मराठी संस्कृतप्रचुर, खेड्यातील बाईला न कळणारी. म्हणून साध्या मराठीत नवे करावयाचे, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. काम केडगावीच चाले आणि खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतचे कष्ट सदनातील स्त्रियाच करीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर सारा भार सोपवायचा होता तीच गेली. रमाबाई, कान जवळजवळ गेलेले, प्रकृती ढासळलेली, मुद्रिते तपासत बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. हाती घेतलेली मुद्रिते तपासून संपवूनच त्यांनी डोळे मिटले, असे सांगतात. ईस्टर त्या वर्षी अकरा दिवसांवर होता.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. कबरीपासून भिऊन पळालेल्या आणि कोणालाही काही न सांगणाऱ्या तिघींची गोष्ट त्यातही आहे. केडगावच्या छापखान्यात तिची अक्षरे एकेक करून जुळवली ती दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींनी.